अठरा बाई उंच मनोरा

मोजणीसाहेब निवृत्त झाले आणि त्यांनी कॅमेरा घेतला. निवृत्त झाल्यावर कोणी बागकाम काढतं, कोणी शेजाऱ्यांच्या भानगडीत लक्ष घालतं. तसं काही करण्यापेक्षा कॅमेरा बरा, असं बाईंनाही तेव्हा वाटलं होतं. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. शिवणकामाच्या शाळेत शिकवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं, त्यामुळे अख्खं गाव त्यांना बाई म्हणायचं.

रविवार उजाडला की साहेबांची स्वारी निघायची. घरापासून तासाभराच्या आत जे काही जुनं, उंच किंवा देखणं असेल, ते आपलंच आहे असा त्यांचा समज होता. जुना दगडी पूल, नदीकाठचा किल्ला, टेकडीवरची पवनचक्की, तळ्याकाठचा पडका बुरूज. साहेबांच्या गळ्यात कॅमेरा, आणि बाईंच्या हातात चहाचा थर्मास, सँडविचचा डबा, छत्री, चटई आणि साहेबांची टोपी. सहल साहेबांची आणि हमाली बाईंची, पण ते असो.

आता यात एक गोम होती. साहेबांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेलेली. मोजणी खात्यात इमारतीचा फोटो काढायचा तर शेजारी माणूस उभा करायची पद्धत, म्हणजे फोटो बघणाऱ्याला उंचीचा अंदाज येतो. नोकरी सुटली तरी खोड काही सुटली नाही. कुठेही गेले की साहेब म्हणायचे, "अगं, तिकडे भिंतीपाशी जाऊन उभी राहा. चप्पल काढ, चप्पल हिशेबात येते. अजून मागे. अजून." आणि स्वतः उलट्या पावलांनी इतके लांब जायचे की बाईंना वाटायचं, हे आता परस्पर घरीच जातात की काय.

घरी आल्यावर फोटो छापायचा, पट्टी लावायची आणि मोजायचं. किल्ल्याचा दरवाजा सहा बाई. पूल चार बाई आणि वर गुडघ्याएवढं. बाईंची उंची पाच फूट एक इंच, हे साहेबांना लग्नापासून पाठ, त्यामुळे पुढचा गुणाकार सोपा. किल्ल्याच्या दरवाजाची उंची तर पहिल्याच वर्षी पाटीवरच्या आकड्याशी इंचाइंचाने जुळली होती. त्या दिवशी साहेब असे काही खूश झाले, जसा दरवाजा त्यांनीच बांधला होता.

शिवणाच्या वर्गातल्या मुलींना हे कळलं आणि त्या खिदळत सुटल्या. "बाई, आमची कॉलेजची इमारत किती बाई हो?" बाईही हसायच्या. वरवर हसायच्या, आतून मात्र हळूहळू त्यांचं डोकं फिरायला लागलं होतं.

ते पुरतं फिरलं बाईंच्या निवृत्तीच्या वेळी. शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमचा फोटो आपल्या हॉलमध्ये लावायचा ठरलंय. चेहरा नीट दिसेल असा एक द्या. सोमवारी दुपारी फ्रेमवाल्याकडे जायला हवा."

"एक काय मागता, हजार देतो!" साहेब छाती फुगवून म्हणाले.

मुख्याध्यापिका गेल्या आणि दोघं फोटो उपसायला बसले. पुलाशेजारी बाई, अंगठ्याएवढ्या. पवनचक्कीखाली बाई, शेंगदाण्याएवढ्या. तळ्याकाठी एक ठिपका होता, तो बाई की बगळा यावर दोघांचं एकमत होईना. रात्रीचं जेवण लांबलं, कपाट रिकामं झालं, पण नाक-डोळे दिसतील असा बाईंचा एक फोटो त्या घरात निघाला नाही.

"मी उद्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन येते," बाई शांतपणे म्हणाल्या. बाई शांत झाल्या की साहेबांना धडकी भरायची.

"घरात फोटोग्राफर असताना स्टुडिओत? लोक काय म्हणतील!"

"लोकांचं सोडा. तुमच्याकडे एक रविवार आहे. या रविवारी माझा चेहरा फोटोत आला, तर आला. नाहीतर सोमवारी सकाळी मी स्टुडिओत जाणार, आणि पुढच्या रविवारपासून तुमची पट्टी तुम्ही दुसरी शोधा. मी यायची नाही. अगदी स्पष्ट सांगते."

साहेबांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून हसू घशातच राहिलं. खरं सांगायचं तर बाईंना स्टुडिओत जायचंच नव्हतं. त्यांना या माणसाच्या हातचा फोटो हवा होता. इतकी वर्षं हा माणूस आपल्याकडे भिंगातून बघतोय, एकदा तरी त्याने आपल्याला बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती बोलून दाखवायची त्यांना लाज वाटत होती.

रविवारसाठी बाईंनी नवा ड्रेस शिवला. निळा, पायघोळ. जगाचे कपडे शिवण्यात स्वतःसाठी शिवायचं राहूनच गेलेलं, म्हणून मुलीच्या लग्नात स्वतः घातलेल्या ड्रेसचा कागदी खाका ट्रंकेतून काढला आणि त्यावरून बेतला. माप घ्यायची गरजच नव्हती. जगाचं माप घेणाऱ्या बाईला स्वतःचं माप पाठ असतं. पण सकाळी घातला तर ड्रेस खाली लोळायला लागला. "कापडच मेलं सैल पडलं," असं म्हणत त्यांनी दोन टाचण्या मारल्या आणि निघाल्या.

साहेबांनी जागा निवडली घड्याळाच्या मनोऱ्याची. ती का निवडली, हे बाईंना तिथे पोचल्यावर कळलं. मनोरा गावातला सगळ्यात जुना. गेल्या वर्षीच त्याची दुरुस्ती झाली, परांची उतरली, आणि दाराशी नवी पाटी लागली: उंची नव्वद फूट. साहेबांच्या मते पाटी साफ चूक होती. त्यांनी फोटो काढून मोजला होता, अठरा बाई आणि वर थोडंसं. गुणाकार केला की मनोरा पाटीपेक्षा चांगला दोन फुटांनी उंच भरत होता. तेव्हापासून मनोऱ्याच्या रखवालदाराशी त्यांचं हाडवैर होतं.

"या, या, मोजणीसाहेब!" रखवालदार स्टुलावरून उठला. "आज किती वाढलाय आमचा मनोरा?"

"मनोरा वाढत नाही, पाटी रंगवणाऱ्याची अक्कल कमी पडते. किल्ल्याचा दरवाजा माझ्या मापाने इंचाइंचाला जुळतो, मग मनोराच का जुळत नाही?"

"ते इंजिनियरांनी यंत्र लावून मोजलंय हो."

"यंत्राचं मला सांगू नका. उभा जन्म यंत्राला डोळा लावून बसलोय मी."

"अहो," बाई म्हणाल्या, "माझा चेहरा."

"हो, हो, लगेच. उभी राहा दारापाशी."

बाई उभ्या राहिल्या. केस सारखे केले, हसू आणलं. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. आणि पाय आपोआप मागेच निघाले. चौक ओलांडला, बाकं ओलांडली, कारंज्याला वळसा घातला. बाईंचं हसू हळूहळू आंबट झालं.

"कुठे निघालात?" त्या ओरडल्या.

"मनोरा पूर्ण बसत नाहीये!" लांबून आवाज आला. "चप्पल काढलीस का?"

झालं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं खडसवायचं म्हणून त्या तरातरा निघाल्या, तो टाचण्या सुटल्या, ड्रेस पायात आला आणि बाई तोल जाऊन पायरीवर मटकन बसल्या.

साहेब कॅमेरा सावरत पळत आले. "लागलं का? कुठे लागलं?"

"मला काही झालं नाही. पण हे बघा, चांगला वीतभर खाली लोळतोय! मी कापलेला ड्रेस! आजपर्यंत माझं एक माप चुकलेलं नाही, आणि स्वतःचंच चुकावं?" बाईंचे डोळे भरून आले. रडू ड्रेसचं होतं की फोटोचं, ते त्यांचं त्यांनाही कळेना.

"वीतभर काही नाही," साहेब वाकून बघत म्हणाले. माप आलं की त्यांना राहवत नसे. "दीड इंच आहे. टेप दे."

टेप बाईंच्या पर्समध्ये कायमच असायचा. साहेबांनी काठ मोजला, दीड इंचच भरला. मग ते तसेच उकिडवे बसून राहिले. बाईंना वाटलं, यांच्या कमरेत उसण भरली.

"जरा उभी राहा," ते म्हणाले. "इथे, भिंतीला टेकून. सरळ."

"पुन्हा?"

"राहा ग."

आवाज काहीतरी वेगळाच होता, म्हणून बाई न भांडता उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांच्या डोक्यावर तळवा ठेवला, भिंतीवर बोट दाबून धरलं आणि टेप खाली सोडला. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. रखवालदार स्टूल सोडून जवळ येऊन उभा राहिला होता.

"पाच फूट नाहीत," साहेब म्हणाले. "पाच फुटांनाही कमी पडतेस. दीड इंच उतरलीस तू."

बाईंना मग सगळं उमगलं. कापड सैल पडलं नव्हतं, खाका चुकला नव्हता. त्या ड्रेसच्या मापाची बाईच आता राहिली नव्हती. आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट उमगली, तशा त्या खुदकन हसल्या. डोळे पुसता पुसता हसल्या.

"म्हणजे मी लहान होत गेले, आणि तुम्हाला मनोरा मोठा झाल्यासारखा वाटला?"

मनातल्या मनात साहेबांनी गुणाकार केला असणार, कारण ओठ हलत होते. मग ते रखवालदाराकडे वळले. आयुष्यात कधी स्वतःची चूक कबूल न केलेला माणूस, पण टोपी काढून म्हणाला, "तुमची पाटी बरोबर आहे हो. नव्वदच. चूक माझी."

रखवालदार वर्षभर या क्षणाची वाट बघत होता. पण आता त्याला चिडवायला सुचेना. "असू दे साहेब," तो म्हणाला. "पाणी आणू का बाईंना?"

पाणी आलं. साहेब बाईंशेजारी पायरीवर बसले. "मला दिसलंच नाही ग," ते म्हणाले. "दर रविवारी तुला उभी करायचो, आणि दिसलंच नाही."

"एवढ्या लांबून कसं दिसणार?" बाई म्हणाल्या. "चला उठा. उजेड छान आहे, आणि माझा फोटो अजून बाकी आहे."

त्यांनी टेपचं एक टोक पिनेने साहेबांच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला अडकवलं. दुसरं टोक स्वतःच्या मुठीत घेतलं आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "आता जा बघू मागे कुठे जायचं ते."

साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीने पाऊल मागे गेलं, तसा टेप ताणला आणि गळ्याला हिसका बसला. रखवालदार फस्सकन हसला. साहेब जागीच थांबले. भिंगात मनोरा नव्हताच. घड्याळ नव्हतं, कळस नव्हता, दाराची धड चौकटही नव्हती. नुसत्या बाई होत्या.

बराच वेळ झाला तरी बटण दाबल्याचा आवाज येईना.

"काय झालं? बिघडला का?"

"नाही. तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्यात."

"झाली की दोन-तीन वर्षं."

"आणि गालावर हा तीळ?"

"तो जन्मापासून आहे हो!" बाई खळखळून हसल्या, आणि त्यांनी मूठ अशी काही हलवली की टेप मधोमध झोका घ्यायला लागला. तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

तो फोटो आता शाळेच्या हॉलमध्ये आहे. त्यात बाई तोंडभरून हसताहेत आणि त्यांच्या मुठीतून एक पिवळा टेप थेट बघणाऱ्याकडे येतो. फोटो लावला त्या दिवशी मुलींनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापिका चार शब्द बोलल्या. बाईंनी तोच निळा ड्रेस घातला होता, नव्या मापाने दुमडून शिवलेला. साहेब मागच्या रांगेत उभे होते आणि कॅमेरा घरी विसरले होते.

वर्गातली एक आगाऊ मुलगी त्यांच्यापाशी आली. "काका, हा फोटो मनोऱ्यापाशी काढलात ना? मग मनोरा कुठे आहे?"

साहेबांनी फोटोकडे पाहिलं, मग गर्दीत उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

"बसला नाही त्यात," ते म्हणाले. "लहान पडला."