मेसेज कुणाच्या फोनवर

नवरा गेल्यानंतर तारामती मिरजेचं घर बंद करून जयपूरला मुलाकडे राहायला आल्या. मुलगा प्रथमेश विमा कंपनीत अधिकारी, ऑफिस शहरातल्याच झालाना भागात. आई आली तसं त्याने आपल्या खात्यावरचं एक जादा कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं. "आता पैशांचं काही बघायचं नाही. दुकानात जायचं, कार्ड लावायचं, सामान घेऊन यायचं," तो म्हणाला. कार्डावर आपलं नाव बघून तारामतींना बरं वाटलं.

पण खातं मुलाचं, त्यामुळे कार्ड कुठेही लावलं की मेसेज प्रथमेशच्या फोनवर जायचा. चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरातल्या बाजारात, त्यांनी एकदा मोजडी घेतली, तर दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्याचा फोन. "आई, साडेनऊशे? काय घेतलंस?" मोजडी घेतली म्हटल्यावर "बरं बरं, छान" म्हणून त्याने ठेवून दिला. पुढे एकदा कुल्फी खाल्ली, तर "आई, शुगर आहे ना तुला?" त्याचा आवाज कधी चढला नाही. तरी हळूहळू तारामती कार्ड लावेनाशा झाल्या. बँकेत जाऊन स्वतःच्या पेन्शनमधून थोडे पैसे काढून आणायच्या आणि सगळीकडे रोख द्यायच्या.

सून अनुश्रीला हे अवघड व्हायचं. काउंटरवर सासूबाई पर्स उघडून नोटा शोधणार, समोरची मुलगी सुट्टे मागणार, मागे रांग खोळंबणार. आईंना कार्ड जमत नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिने दोनदा शिकवूनही पाहिलं. तारामती नीट ऐकून घ्यायच्या, "समजलं की," म्हणायच्या, आणि पुढच्या खेपेला पुन्हा नोटा.

एप्रिल लागला, ऊन तापायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या जयंती जवळच्या स्विमिंग पूलवर बायकांच्या सकाळच्या बॅचला जायच्या. त्यांनी एकदा सहज विचारलं आणि तारामती हो म्हणून बसल्या. लहानपणी कृष्णेत पाठीला भोपळा बांधून त्या पोहायला शिकल्या होत्या. लग्नानंतर पाण्यात पाय घातला असेल तेवढाच. फी त्यांनी भरून टाकली. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण आधी जमतंय का ते बघू, असं मनात होतं. आता पोशाख तेवढा राहिला होता.

त्या रविवारी अनुश्री मुलीला, ज्ञानदाला, बूट घ्यायला खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात निघाली, तशा तारामतीही बरोबर निघाल्या. मायलेकी बुटांकडे वळल्यावर त्यांनी दुसऱ्या बाजूला जाऊन पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा एक निळा पोशाख निवडला आणि रांगेत उभ्या राहिल्या. काउंटरवर प्रियंका नावाचा बिल्ला लावलेली मुलगी होती.

"माताजी, कैश नहीं हो पाएगा. कैश वाला काउंटर आज बंद है," ती म्हणाली. "कार्ड है?"

कार्ड होतं. तारामतींनी ते पर्समधून काढलंही. हातात धरून क्षणभर उभ्या राहिल्या, मग पुन्हा आत ठेवलं. "रहने दो, बेटा," म्हणाल्या आणि पोशाख काउंटरवरच ठेवून बाजूला झाल्या.

बूट घेऊन मागे रांगेत येऊन उभ्या राहिलेल्या अनुश्रीने हे सगळं पाहिलं. ज्ञानदाने तर धावत जाऊन पोशाख उचललाच. "आजी, ये तेरा है? मतलब, तू घालणार? तुला पोहता येतं?"

"येत होतं," तारामती म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

अनुश्री जवळ आली. "आई, कार्ड होतं ना तुमच्याकडे? मी लावून देऊ?"

"लावता येतं गं मला. पण लावलं की त्याला मेसेज जाणार. तो विचारणार, काय घेतलंस. मग मी सांगायचं, पोहायचे कपडे. मग तो म्हणणार, आई, गुडघे, शुगर, या वयात. त्याचं चुकत नाही. पण मला अजून काहीच सांगायचं नव्हतं."

अनुश्रीने आपलं कार्ड काढलं.

"नको. तुझ्या पैशांनी नको," तारामती म्हणाल्या.

"माझ्या नाहीच. तुमच्या नोटा मला द्या. मेसेज माझ्या फोनवर येईल आणि मी काहीही विचारणार नाही."

तारामतींनी नोटा दिल्या. पोशाख पिशवीत गेला. घरी येताना गाडीत ज्ञानदाच एकटी बोलत होती.

रात्रीची जेवणं झाल्यावर तारामती प्रथमेशजवळ जाऊन बसल्या आणि कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. "हे तुझं तुला घे. माझं पेन्शनचं कार्ड कपाटात नुसतंच पडून आहे, ते मी आता वापरीन."

"का? काय झालं?"

"काही झालं नाही. मी उद्यापासून पोहायला जाणार आहे, जयंतींबरोबर. डॉक्टरांना विचारलंय. आज त्याचे कपडे घेतले, ते तुझ्या कार्डाने घेववेनात."

प्रथमेश गोंधळला. मग दुखावला. "आई, मी हिशोब मागत नव्हतो गं."

"माहितीये मला. पण उत्तर तर द्यावं लागत होतं ना."

त्याने कार्ड बोटाने जरा बाजूला सारलं. अनुश्री आवराआवर थांबवून दारात उभी होती.

"बाबा गेल्यावर तू महिनोन् महिने घराबाहेर पडली नव्हतीस," प्रथमेश म्हणाला. "फोन केला की नुसतं हं, हं. इथे आलीस आणि एक दिवस ऑफिसात बसलो असताना मोजडीचा मेसेज आला. मला इतकं बरं वाटलं, आई. बाहेर पडलीस म्हणून. मग मेसेज आला की फोन करायचो. विचारायला दुसरं काही सुचायचं नाही, म्हणून काय घेतलंस विचारायचो."

तारामतींना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोरगा चाळिशीला आला तरी पाठ तशीच हाडकुळी.

"मग तसंच विचार की," त्या म्हणाल्या. "बाहेर पडलीस का, कुठे गेली होतीस. त्याला मेसेज कशाला यायला हवा?"

"आणि कुल्फी खाल्लीस तर?"

"ते सांगणार नाही."

तो हसला. दारातून अनुश्रीही हसली. प्रथमेशने कार्ड उचलून आपल्या पाकिटात ठेवलं.

सकाळी पूलवर गर्दी नव्हती. जयंती आधीच पाण्यात उतरल्या होत्या. तारामती शिडी धरून उतरल्या, छातीपर्यंत पाणी आलं तशा दचकून थांबल्या. पहिल्यांदा हात सोडला तेव्हा खालीच गेल्या. नाकातोंडात पाणी गेलं, शिकवणाऱ्या बाईंनी दंडाला धरून वर काढलं. खोकून झाल्यावर त्यांनी "एक मिनिट" म्हणून केस मागे सारले आणि पुन्हा हात सोडला. या वेळी पाय आपोआप हलले. नदीला ओढ असायची, इथे काहीच ओढत नव्हतं, तेवढं चमत्कारिक वाटलं. चार हात गेल्या, धापा टाकत काठाला लागल्या आणि जयंतींना म्हणाल्या, "पलीकडच्या टोकाला किती खोल आहे हो?"