हाडांचं वय

चंद्रप्रभाला पन्नाशी उलटली आणि अंगात भट्टी पेटायला लागली. नांदेडच्या एका शाळेत ती मराठी शिकवायची. फळ्यावर लिहिता लिहिता छातीतून जाळ वर चढायचा, मानेवरून घामाच्या धारा लागायच्या आणि थोड्या वेळानं उलट थंडी भरून यायची. झोप उडाली होती. पोरांवर उगाच खेकसायची, मग स्टाफरूममध्ये जाऊन डोळे पुसायची. नवरा माधवराव कॉलेजात प्राध्यापक. त्यांना सांगितलं, तर हातातलं वर्तमानपत्र जरासं वर धरून ते म्हणाले, "डॉक्टरला दाखव ना एकदा." पुढं त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी जायच्या दिवसांत हे व्हायचंच, हाडांकडं लक्ष ठेवा, रोज चाला. म्हणून ती सकाळी स्टेडियमवर फिरणाऱ्या बायकांच्या गटात जाऊ लागली. बँकेतून निवृत्त झालेली देविका त्या गटाची पुढारी. चालता चालता बायका एकमेकींशी जे बोलायच्या, ते त्यांनी घरच्यांना कधी सांगितलं नसेल. महिनाभरात चंद्रप्रभाला बरं वाटू लागलं. आपण एकटीच वेडी होत नाही आहोत, एवढं कळलं तरी माणसाला अर्धं औषध मिळतं.

त्याच उन्हाळ्यात मुखेडला भावकीतलं लग्न निघालं. जेवणाच्या पंगतीत तिला दरदरून घाम फुटला, तशी ती उठून मांडवामागं गेली. तिथं शिवकन्या आधीच बसली होती, पदरानं वारा घेत. शिवकन्या म्हणजे माधवरावांच्या चुलत भावाची, अर्जुनरावांची बायको. मुखेडजवळच्या खेड्यात घर, थोडी कोरडवाहू जमीन, बाकी दुसऱ्याच्या रानात मजुरी.

"अक्का, तुमालाबी होतंय का?" शिवकन्येनं विचारलं.

"काय गं?"

"हेच. अंगात इस्तू पेटल्यावानी."

चंद्रप्रभानं तिच्याकडं नीट पाहिलं. "तुझं वय काय, शिवकन्या?"

"छत्तीस असंल. पर माजी पिशवी काढून नऊ वर्सं झाली की."

आणि ती सांगत गेली, भाजीचा भाव सांगावा तसं. अंगावरून पांढरं जायचं. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं, ठेवली तर कॅन्सर होईल. वर म्हणाला, दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय लोणचं घालायचं का? तिच्या गल्लीत कितीतरी जणींची काढलेली. काढल्यावर वर्षाच्या आत झोप गेली, गुडघे गेले, अंगाची लाही लाही होऊ लागली. सासू म्हणाली बाहेरचं काहीतरी लागलंय. देवऋषी झाला, दर्ग्यावर नेऊन झालं.

"मला वाटलं मलाच हाय हे," शिवकन्या म्हणाली. "तुमाला बघून आज जिवात जीव आला बघा."

चंद्रप्रभाला जेवण गेलं नाही. जे तिला पन्नाशीत आलं होतं, ते या पोरीला सत्ताविसाव्या वर्षी दिलं होतं, आणि कशाचं काय होतंय हेही कुणी सांगितलं नव्हतं.

नांदेडला परतल्यावर तिनं गटात हा विषय काढला. देविकाला तो पटला. ऑक्टोबरात बायकांनी वजिराबादपासून गोदावरीच्या पुलापर्यंत चालायचं, चालणारीनं ओळखीपाळखीत देणगी मागायची आणि जमेल त्या पैशात मुखेडला हाडं तपासायचं शिबिर घ्यायचं, असं ठरलं. देणगी मागताना तोंडं बघण्यासारखी व्हायची. एक दुकानदार म्हणाला, "मॅडम, गोशाळेसाठी देतो, पण हे असलं पावतीवर काय लिहू?" तरी पैसे जमले. चंद्रप्रभा दारोदार हिंडली, हिंडताना तिचे पाय भरून आले, पण कित्येक वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"तुझ्या त्या जावेला बोलव," देविका म्हणाली. "आपण बोललो तर भाषण होतं. ती बोलली की लोकांना कळेल."

शिवकन्या आली. मुलीचा, रेणुकाचा, साखरपुडा नुकताच झाला होता. हिमायतनगरचं स्थळ, मुलगा सरकारी नोकरीत. त्या आनंदात होती. सगळ्या बायकांबरोबर ती पुलापर्यंत चालली, मग माईकसमोर उभी राहिली आणि मांडवामागं बोलली होती तसंच बोलली. लोणच्याचं वाक्य ऐकून बायका आधी हसल्या, मग गप्प झाल्या. एका कॉलेजच्या मुलीनं सगळं मोबाईलवर घेतलं. देविकानं ते गटाच्या फेसबुक पानावर टाकलं. आणि चंद्रप्रभानं अभिमानानं भावकीच्या ग्रुपवर पाठवलं. खाली लिहिलं, 'आपली शिवकन्या.'

टाकायच्या आधी शिवकन्येला विचारावं, हे तिच्या मनातही आलं नाही.

दिवाळी झाली आणि अर्जुनरावांचा फोन आला.

"वहिनी, तेवढा व्हिडिओ काढा."

"का हो भाऊजी? काय झालं?"

"काढा म्हणलं ना." मग म्हणाले, "हिमायतनगरवाल्यांनी सोयरीक मोडली. म्हंते, आईचं आसं हाय, पोरीचं उद्या काय निघंल."

चंद्रप्रभानं लगेच ग्रुपवरून काढलं. देविकाला फोन केला. देविका आधी कुरकुरली, "अगं, हजारो लोक बघतायत, आपल्याला तेच तर हवं होतं ना?" शेवटी तिनंही काढलं. पण तोवर ते या मोबाईलवरून त्या मोबाईलवर गेलं होतं आणि पसरलेलं कुणाच्यानं गोळा होत नाही. हिमायतनगरच्या लोकांना समजवावं म्हणून माधवराव पहिल्यांदाच या प्रकरणात पडले, जाऊन आले. चहा पाजून त्यांना वाटेला लावलं गेलं.

शिवकन्येनं फोन उचलणं बंद केलं.

शिबिर मात्र ठरल्याप्रमाणे जानेवारीत मुखेडच्या आठवडी बाजाराच्या दिवशी होतं. चंद्रप्रभाला जायचं धाडस होत नव्हतं, पण न जाणं त्याहून वाईट वाटलं. लातूरहून एक तरुण डॉक्टरीण टाचेचं हाड तपासायचं मशीन घेऊन आली होती. गाडीतून उतरताना चंद्रप्रभानं वर पाहिलं. हॉलच्या दारावर मोठा बॅनर लावला होता. देणगीदारांचे फोटो आणि मधोमध माईक धरलेली शिवकन्या.

"हा कुणी छापला?"

"दिवाळीच्या आधीच छापून तयार होता," देविका म्हणाली. "आता वाया कशाला घालवायचा?"

चंद्रप्रभा पुढं झाली. खुर्ची ओढली, वर चढली आणि दोऱ्या सोडून तिनं तो बॅनर उतरवला.

दुपार झाली तरी बायका आल्या नाहीत. बाजार गच्च भरला होता, पण हॉलच्या दारावरून बायका पदर ओढून पुढं जात होत्या. तिथं गेलं की फोटो काढतात, पोरींची लग्नं मोडतात, असं सगळीकडं पसरलं होतं. डॉक्टरीणबाई मोबाईल बघत बसली. मग चंद्रप्रभा उठली आणि रिक्षा करून शिवकन्येच्या गावाला गेली.

शिवकन्या ओट्यावर बसून एका हातानं तूर पाखडत होती. दुसरा हात प्लास्टरमध्ये. चंद्रप्रभाला बघून रेणुका आत गेली आणि दार लावून घेतलं.

"हाताला काय झालं?"

"हापशावर पाय घसरला. नुसती टेकले तर मनगट मोडलं." शिवकन्येनं सूप खाली ठेवलं. "कशाला आलाव अक्का?"

"चुकलं माझं. तुला विचारायला पाहिजे होतं."

"हाव. पायजे होतं." ती ओरडली नाही, रडलीही नाही. "मी बायांत बोलले होते. तुमी गावात बोललाव. पोरगी दोन म्हैने झाले माज्याशी बोलून न्हाई राहिली."

चंद्रप्रभा उभीच राहिली. कुणी बस म्हणालं नाही. मग शिवकन्या उठली, चपला पायात सरकवल्या.

"चला. तुमच्यासाठी येत न्हाई. ह्या मनगटासाठी येते. आनि कुनी मोबाईल काढला तर तिथनंच माघारी फिरंन."

रिक्षात बसायच्या आधी ती गल्लीतल्या दारांशी थांबत गेली. "चला गं, फोटू न्हाईत. म्या सांगून ठिवलंय." निम्म्या दारांतून उत्तर आलं नाही. काही जणी मात्र आल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, एकमेकींच्या आडोशानं.

हॉलमध्ये शिवकन्येनं टाच मशीनवर ठेवली. डॉक्टरीणबाईनं आकडा दोनदा तपासला, ऑपरेशनचा जुना कागद वाचला. "पिशवीबरोबर बीजांडकोशही काढलेत. नसते काढायचे या वयात. तुमची हाडं सत्तरीच्या बाईसारखी झालीत, ताई."

"म्हंजी मी सासूपेक्षा म्हातारी." शिवकन्या हसली, पण तिच्यासोबत आलेल्या बायका हसल्या नाहीत. त्यांनी आपापल्या टाचांकडं पाहिलं. मग एकेकीनं टाच मशीनवर ठेवली आणि शिवकन्येसह बऱ्याच जणींना डॉक्टरीणबाईनं कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

देविकानं मोबाईल वर केला, तसा चंद्रप्रभानं त्यावर हात ठेवला.

"देणगीदारांना काय दाखवू मग?" देविकानं विचारलं.

"रिकाम्या खुर्च्या दाखवा. सकाळपासून त्याच होत्या."

त्यानंतर स्टेडियमच्या गटातून तिला बोलावणं आलं नाही. ती एकटीच चालू लागली.

शिबिरातून निघताना शिवकन्येनं तिला एकच सांगितलं होतं. "घरी येऊ नका. गोळ्या एसटीत ठिवा, मी स्टँडवरून घेईन." त्याप्रमाणे चंद्रप्रभा दर महिन्याला मुखेडच्या गाडीत कंडक्टरच्या हाती कॅल्शियमच्या गोळ्यांचं पाकीट द्यायची. निरोप कधी यायचा नाही. पुढच्या उन्हाळ्यात कळलं, रेणुकाला किनवटकडं दिलं. मुलगा बिजवर, वयानं थोराड. चंद्रप्रभाच्या घरी पत्रिका आली नव्हती.

पावसाळ्यात एकदा कंडक्टरनं पाकीट परत आणून दिलं. घ्यायला कुणी आलं नाही, म्हणाला. चंद्रप्रभानं अर्जुनरावांना फोन लावला.

"खुबा मोडला तिचा," ते म्हणाले. "चिखलात पडली. लातूरला हाय."

ती दुसऱ्याच दिवशी लातूरला गेली. शिवकन्या पलंगावर डोळे मिटून पडली होती, पायाला वजन बांधलेलं. उशाशी रेणुका बसली होती, गळ्यात नवं मंगळसूत्र. दोघींची नजरानजर झाली. रेणुका उठली, स्टूल चंद्रप्रभाकडं सरकवलं आणि पाणी आणायला बाहेर गेली.

चंद्रप्रभा बसली. तेव्हा शिवकन्येनं डोळे उघडले.

"आता चालनं व्हतंय की न्हाई, डॉक्टर सांगून न्हाई राहिले," ती म्हणाली. "अक्का, त्या शिबिराला संगं आलेल्या बाया गोळ्या घेत्यात का, तेवढं बघा."