शेवटापर्यंत ताणलेली तात

मित्रांनो, मी एक जुनं चौंडकं आहे. विट्याजवळच्या दादासो जोगत्यांच्या नातीला, संयोगिताला, पहिला मुलगा झाला त्या वर्षी मी सिनेमात वाजलो.

माझं अंग आंब्याच्या लाकडाचं. पोकळ नळ्याच्या एका तोंडाला बकऱ्याचं कातडं आणि त्याच्या मधून निघालेली तात, म्हणजे आतड्याची तार. दादासो मला काखेत धरत, डाव्या हातानं तात ओढत आणि उजव्या हातातल्या काडीनं छेडत. तात ताणली की माझा आवाज वर चढतो. आयुष्यभर मी यल्लमा आईच्या जागराला वाजलो. गाण्यात आई राक्षसाला मारायला निघाली की दादासो तात ताणत जायचे. राक्षस पडेपर्यंत ती सैल करायची नाही, अशी आमच्याकडची रीत.

सांगलीच्या स्टुडिओत अनीश नावाचे संगीतकार होते. त्यांच्या सिनेमातला खलनायक पाणी संस्थेचा अध्यक्ष होता. तो कधी ओरडत नसे. हसत हसत ऊस सोलायचा आणि एखाद्याच्या रानाचं पाणी तोडायचा. अनीशनी त्याच्यासाठी मोठे ढोल वाजवून पाहिले होते, पण ढोलांनी तो नुसताच दांडगट वाटे. त्याचं गोड बोलणं ऐकतानाच आता कुणाचं तरी पाणी तुटणार हे कळावं, असा आवाज त्यांना हवा होता. म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं.

पडद्यावर तो माणूस पाहताच दादासोंनी मला खाली ठेवलं. म्हणाले, “हे आईचं वाद्य हाय. असल्या माणसाच्या पायाशी मी वाजवणार न्हाई. आईला काय तोंड दावू?”

अनीशनी आग्रह केला नाही, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

सोबत आलेल्या राहीबाई पदरानं माझं कातडं पुसत आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, “आवं, राक्षस असल्याबिगर आई निघती व्हय? त्याच्यासाठी वाजवू नगा. त्याच्यामागनं ती येतीया, तिच्यासाठी वाजवा.”

दादासो मला उचलून म्हणाले, “वाजवतो. पण त्यो पडल्याबिगर तात सैल करणार न्हाई. चालंल का?”

अनीशना तेच हवं होतं. खलनायक आला की एक ठोका, मग शांतता, मग थोडा चढा ठोका. प्रत्येक वेळी आवाज वर जाई आणि तिथंच तुटे.

विट्याच्या थिएटरात गावचे शंभूराज दादासोंना चिडवत होते, “काय गड्या, आईला सोडून सिनेमावाल्यांचा भक्त झालास व्हय रं?” पडद्यावर ऊस सोलायला सुरुवात झाली, माझा ठोका पडला आणि शंभूराजांच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले. शेवटी अध्यक्षाच्या हातून पाण्याची चावी गेली, तेव्हा माझी तात लांब, खोल आवाजात सैल झाली. साऱ्या थिएटरानं श्वास सोडला. अंधारातच दादासोंनी आईला हात जोडले. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं.

मित्रांनो, मला चांगले हात लाभले. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर वाजवून झाल्यावर त्याची तात सैल करून ठेवा. कायम ताणलेलं कातडं फाटतं.

दादासो गेल्या माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारले. आदल्या रात्रीच्या जागरापासून ताणलेली माझी तात त्या दिवशी राहीबाईंनी सैल केली.