आठव्या दिवसाची मोजणी

"तातेरावकाका, काढू नका हो! आज परत वर गेलाय."

मुकुलसाहेब मोबाईल नाचवत प्रयोगशाळेत शिरले तेव्हा तातेराव सोयाबीनचे मोड मोजत होते. साहेबांकडे न बघता त्यांनी डावा हात वर केला. थांबा, असा त्याचा अर्थ. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, हा नियम ते मुकुलसाहेबांच्या जन्माआधीपासून पाळत आले होते.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या बियाणे कंपनीत तातेरावांना एकतीस वर्षं झाली. काम एकच, बी उगवतं की नाही ते सांगायचं. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा, पाचव्या दिवशी पहिली मोजणी करायची आणि आठव्या दिवशी शेवटची. सत्तरच्या वर चांगले मोड आले तर लॉट पास. नुसतं साल फोडून वर डोकावलेलं पण मूळ न धरलेलं बी ते मोजत नसत. या एका गोष्टीवर त्यांनी आजवर तीन साहेबांशी वाद घातला होता आणि तिन्ही वेळा साहेबांचीच बदली झाली होती. त्यात तातेरावांचा हात नव्हता, पण ऑफिसात तसं बोललं जायचं आणि तातेराव ते नाकारत नसत.

"एक्क्याऐंशी," त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि चष्मा काढला. "हं, बोला साहेब."

"सात आठवडे झाले, बाजार चढतोच आहे. तीन वाजायच्या आत पैसे काढायचं म्हणता. कशाला घाई करता? अजून दोन महिने थांबा, तुमचा तोटा भरून वर चार पैसे सुटतील."

तातेरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेबारा वाजले होते.

दोन वर्षांपूर्वी मुकुलसाहेबांच्याच सांगण्यावरून त्यांनी आयुष्यभराची शिल्लक, चार लाख रुपये, म्युच्युअल फंडात घातली होती. साहेबांनी स्वतःचेही घातले होते, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मग बाजार घसरला. रोज थोडा थोडा, गळक्या नळासारखा. आणि तेव्हा तातेरावांनी ती गोष्ट केली, जी या जगात फक्त तातेरावच करू जाणे.

त्यांनी बाजाराची उगवण चाचणी घेतली.

घसरण थांबून बाजार पहिल्यांदा वर आला त्या दिवशी त्यांनी लॉटचं एक कोरं कार्ड घेतलं, वर 'शेअर बाजार' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पाचव्या दिवशी बाजार चढलेलाच होता. पहिली मोजणी, बरोबर. आठव्या दिवशीही चढलेलाच. शेवटची मोजणी, पास. त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला, चांगुणाबाईंना, सांगितलं की आता मूळ धरलंय, पाटल्या दे. लग्नातल्या दोन पाटल्या मोडून दीड लाख आले, तेही फंडात गेले. पुढच्याच आठवड्यात बाजार पुन्हा कोसळला. बाजाराला आठवा दिवस कोणी शिकवलाच नव्हता.

हसू येत असेल तर हसा. पण एकतीस वर्षं एका मोजणीनं माणसाला कधी दगा दिला नाही, तर त्यानं ती दुसऱ्या ठिकाणी लावून बघितली, एवढाच त्याचा गुन्हा. त्यानंतर सोनं मात्र असं महागलं की सराफाच्या दुकानासमोरून जाताना तातेराव रस्त्याची दुसरी बाजू धरू लागले.

आता साडेपाच लाखांचे पाच लाख होते. आणि शालूला पाच लाखच हवे होते.

शालू त्यांची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची. रक्त तपासणीचा डिप्लोमा करून चार वर्षं जालन्यात दुसऱ्याच्या लॅबमध्ये लोकांच्या नसा शोधत होती. तिला टेंभुर्णीत, आपल्या गावात, स्वतःची लॅब टाकायची होती. गावातली म्हातारी माणसं साधी साखर तपासायला एसटी धरून जालन्याला येत होती. रिपोर्टवर सही करायला एक पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर तयार होते, मशिनवाल्याचा भाव ठरला होता, दवाखान्याशेजारी सर्जेरावांचा गाळा रिकामा होता. पण सर्जेरावांनी सोमवारपर्यंतच थांबायचं कबूल केलं होतं. सोमवारी पैसे आले नाहीत तर तिथे मोबाईलचं दुकान येणार होतं. बँकेनं कागद मागता मागता दोन महिने घालवले होते. आज गुरुवार. आज काढले तरच पैसे सोमवारी हातात पडणार होते.

डबा खाताना तातेरावांनी घरी फोन लावला.

"बाजार अजून चढून राह्यला," ते म्हणाले.

"मंग?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"मंग काय. दोन महिने कळ काढली तं तुझ्या पाटल्या निघतेन त्यातून."

पलीकडे कुकरची शिटी झाली. चांगुणाबाईंनी ती होऊ दिली.

"आवं, माझ्या पाटल्या बाजारात न्हाईत," त्या म्हणाल्या. "त्या तुमच्या डोस्क्यात अडकल्यात. मी कधी मागितल्या का?"

"मागितल्या न्हाईत, त्याचंच तं वाईट वाटतं मला."

"वाईट वाटून घ्या. पण लेकीचा गाळा गेला तं कुणाला वाईट वाटायचं? शालूला देऊ का फोन? रजा टाकून घरीच हाये, सकाळपासून जेवली न्हाई ती."

शालूनं फोन घेतला. "आबा, तुमचं मन होत नसंल तं राहू द्या," ती म्हणाली. "मी करीन अजून दोन वर्षं नोकरी. आईच्या पाटल्या बुडवून मला लॅब न्हाई टाकायची."

तातेरावांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. पोर खोटं बोलत नव्हती, हेच वाईट होतं. तिनं खरंच दोन वर्षं काढली असती आणि कधी तोंडातून काढलं नसतं, अगदी आईसारखी.

"जेव माय," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोन वाजता ते मुकुलसाहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. कंपनीत एरवी ते उभं राहायचं टाळत, गुडघे दुखायचे.

"साहेब, एक विचारतो. खरं सांगा. हे टिकंल का?"

मुकुलसाहेब चांगला मुलगा होता. त्यानं मोबाईल उपडा ठेवला आणि जरा विचार केला. "टिकेल असं वाटतंय, काका. सगळेच म्हणताहेत."

"मी लॉटच्या कागदावर 'उगवंल असं वाटतंय' लिहून आणलं, तं तुम्ही सही करान?"

मुकुलसाहेब हसले, मग हसू आवरलं. "नाही करणार."

"मंग काढायचे म्हणजे काढायचे. मला ते बटण सापडत न्हाई, तुम्ही दाबून द्या."

"काका, आज काढले तर पन्नास हजारांचा तोटा पक्का. आणि समजा उद्या चढला, परवा चढला, तर तुम्हाला रात्री झोप येईल का? माझ्या तोंडाकडे बघाल का तुम्ही?"

"बघंन ना. तुमचा काय गुन्हा?" तातेराव खुर्ची ओढून बसले. "बाजार पडंल म्हणून मी काढून न्हाई राह्यलो, साहेब. चढंल, पडंल, मला काय समजतं त्यातलं? समजतं म्हणून एकदा गेल्तो, घरची बाई लंकेची पार्वती करून आलो. पण शालूचं मला समजतं. पोरगी चार वर्षं झाली लोकांच्या नसा शोधून राह्यली, एकदाबी दुसरी सुई टोचावी लागली न्हाई म्हणते तिची मालकीण. ते मी मोजलेलं हाये. दाबा बटण."

दोन वाजून वीस मिनिटांनी बटण दाबलं गेलं. तातेरावांच्या मोबाईलवर ओटीपीचे आकडे आले, ते त्यांनी एक एक करून वाचून दाखवले आणि साहेबांनी टाकले. मग तातेराव आपल्या कपाटाशी गेले, दाराच्या आतलं 'शेअर बाजार' लिहिलेलं कार्ड नखानं खरवडून काढलं आणि सोयाबीनचे पुढचे शंभर दाणे मांडायला घेतले.

बाजार पडला नाही. पुढचे तीन आठवडे तो चढतच राहिला. मुकुलसाहेबांनी स्वतःहून काही सांगितलं नाही, पण चहाच्या वेळी पोरं मोठ्यानं बोलायची आणि तातेरावांना ऐकू कमी येत नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. एका दुपारी त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडलाही, अर्धी पाटली तरी नक्की निघाली असती. मग मोजता मोजता दाण्यांचा आकडा विसरले आणि निमूटपणे पहिल्यापासून मोजायला लागले.

त्यानंतरच्या रविवारी टेंभुर्णीत लॅब सुरू झाली. नारळ फोडला, पेढे वाटले, सर्जेरावांनी गाळ्याच्या भिंतीला टेकून दोन शब्द बोलायच्या नावाखाली वीस मिनिटं भाषण केलं. लोक आले, मशीन बघून गेले, पण दंड पुढे करायला कोणी धजेना. नव्या ठिकाणी पहिली सुई आपल्याला कशाला, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं. शालू पांढरा कोट घालून खुर्चीमागे उभी होती. तिचे कान लाल झालेले तातेरावांना दिसले.

तेव्हा चांगुणाबाई पदर सावरत पुढे आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"माझी साखर बघ गं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लई दिवस झाले, चक्कर येऊन राह्यली."

त्यांना चक्कर कधीच आली नव्हती. त्यांनी हात टेबलावर पसरला. शालूनं दंडाला पट्टा बांधला आणि सवयीनं पाटली मागे सारायला बोटं नेली. पाटली नव्हती. काचेच्या चार हिरव्या बांगड्या होत्या, आणि त्यांच्यामागे मनगटावर गोऱ्या कातडीचं एक रुंद वळं, पस्तीस वर्षं ऊन न लागलेलं. शालूचा हात क्षणभर थांबला. तिनं बापाकडे पाहिलं.

तातेरावांनी नजर खाली घातली नाही. घालावीशी फार वाटली, पण घातली नाही.

"टोच की," चांगुणाबाई म्हणाल्या. "मागं लोक थांबलेत."

शालूनं बांगड्या मागे सारल्या, एकदा नस चाचपली आणि सुई घातली. पहिल्याच वेळेला नळीत रक्त आलं. दारात उभ्या असलेल्या गावातल्या केशरबाईनं ते मान लांब करून बघितलं आणि चपला बाहेर काढून आत आली.

तातेरावांनी खिशातलं पेन काढलं, नळीवर चिकटवायची चिठ्ठी पुढे ओढली आणि एकतीस वर्षांच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'नमुना क्रमांक एक. चांगुणाबाई तातेराव. वय पंचावन्न.' शाई वाळेपर्यंत त्यांनी चिठ्ठीवर हळूच फुंकर घातली.

"पुढचं नाव सांगा," ते म्हणाले.