भाऊंवर सतरंजी

आपटेसरांना गच्चीचा कोपरा हवा होता, बाकी आयुष्याकडून त्यांचं काही मागणं नव्हतं. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, त्यांनी निवृत्तीनंतर सूर्यचूल केली. तिच्यात काही शिजत नसे. मग पवनचक्की केली. ती शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे गुंडाळून घेई. पण जन्मभर तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवलेल्या माणसाला हाताला चाळा लागतोच, आणि घरात रिकामे हात दिसले की मंदाकिनीबाई त्यात सोलायला लसूण देत.

त्या कोपऱ्यावर सोसायटीचा तरुण चेअरमन अनिरुद्ध याचा डोळा होता. त्याला सबंध गच्चीभर सोलर पॅनेल बसवायची होती.

"काका, तुम्ही केलेली एक तरी वस्तू आजवर चालली का?"

"चालली तर?"

"तर कोपरा कायमचा तुमचा. डील."

खडकवासल्याच्या पुढे एका रिसॉर्टच्या तळ्यावर टाकाऊ वस्तूंच्या होड्यांची शर्यत होणार होती. दोघांनी बसून पलीकडचा काठ गाठायचा. सरांनी तेवढ्यावर कोपरा पणाला लावला.

होडीचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, सुतळीने बांधलेला. वरून मढवायला सिराजने फ्लेक्स दिला. सिराजचं छपाईचं दुकान होतं, आणि हा फ्लेक्स समर्थभाऊ या भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा. मधोमध भाऊंचा हसरा चेहरा जेवणाच्या टेबलाएवढा, कडेला शुभेच्छुकांची रांग. छपाईची बाजू गुळगुळीत असते, ती बाहेर ठेवली की पाणी शिरत नाही, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी तसंच मढवायला घेतलं.

"सर, भाऊ पाण्यात बुडणार!" सिराज घाबरून म्हणाला. "कुणी फोटो काढला तर माझं दुकानही बुडेल."

सरांनी फ्लेक्स उलटा केला. आता भाऊ आत आले आणि बसायची जागा बरोबर त्यांच्या मिशीवर आली. हे तर आणखी वाईट. सरांनी भाऊंना कधी मत दिलं नव्हतं, देणारही नव्हते. पण काम करताना चेहऱ्याला पाय लागला की त्यांचा हात आपसूक छातीशी जाई. माणसाच्या तोंडावर बसायचं कसं? रंग फासून पाहिला, तो फ्लेक्सवर धरेना. शेवटी भाऊ आतच राहिले आणि त्यांच्यावर जाड सतरंजी अंथरली गेली.

"अहो, होडी करताय की पंगत मांडताय?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. पण होडीत बसायला त्याच तयार झाल्या, कारण घरात पोहता फक्त त्यांना येत होतं.

शर्यतीच्या दिवशी तळ्याकाठी एकेक नमुने आले होते. कुणी पाण्याच्या रिकाम्या जारची होडी केली होती, कुणी फ्रिजचं दार काढून त्याची नाव केली होती, कॉलेजच्या पोरींनी तर गणपतीच्या थर्माकोलच्या मखराला वल्ही लावली होती. आणि व्यासपीठावर प्रमुख पाहुणे म्हणून खुद्द समर्थभाऊ बसले होते. सरांनी सतरंजीची टोकं पुन्हा एकदा नीट खोचली.

निम्म्या तळ्यापर्यंत होडी झकास गेली. फ्रिज बुडाला, मखराचे दोन तुकडे झाले. मग सरांच्या होडीच्या शिवणीतून पाणी झिरपू लागलं. तांब्याने उपसावं म्हटलं, तर सगळं पाणी सतरंजीने पिऊन ठेवलेलं, तांब्यात येतंय कुठे! होडी जड होऊन खाली बसायला लागली.

"अहो, फेका ती सतरंजी!"

"काठावरून भाऊ बघतायत गं."

"मग गच्चीचा कोपराही त्यांनाच देऊन टाका!"

सरांना टाकीमागचा कोपरा दिसला, तिथली सकाळची उन्हं दिसली. त्यांनी डोळे मिटून सतरंजी तळ्यात भिरकावली, मनातल्या मनात नमस्कार केला आणि भाऊंच्या मिशीवर बैठक मारली. बाई तांब्याने पाणी उपसत राहिल्या, सर वल्हवत राहिले, आणि होडी काठाला लागली. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी चारचौघांत बायकोचा हात धरला. काठावर उभ्या अनिरुद्धनेही दिलदारपणे अंगठा वर केला. कोपरा सरांचा झाला होता.

तोवर भाऊ होडीजवळ येऊन पोहोचले. आत डोकावले. स्वतःचा ओला चेहरा त्यांनी बराच वेळ पाहिला. सिराज माणसांच्या मागे सरकला. आणि अनिरुद्धकडे सरांची, त्यांच्या सोसायटीची चौकशी करून भाऊंनी माइक मागवला.

"सर माझ्यावर बसले आणि पैलतीराला लागले! जनसेवा म्हणजे दुसरं काय असतं?" टाळ्यांचा कडकडाट झाला. "सरांसारख्या संशोधकाचा सन्मान म्हणून मी आज जाहीर करतो, त्यांच्या सोसायटीच्या सबंध गच्चीवर माझ्यातर्फे सोलर! एक कोपरा सोडणार नाही!"

अनिरुद्ध टाळ्या वाजवायला लागला, सरांकडे पाहून ओशाळला, थांबला आणि मग सगळेच वाजवतायत म्हणून पुन्हा वाजवू लागला.

माइक सरांच्या हातात आला. "नको म्हणून सांगा की," मंदाकिनीबाई कानाशी पुटपुटल्या. "आत्ताच जिंकलात ना तो कोपरा?"

सरांनी माइक तोंडाशी धरला. रिक्षावाल्यांना, दुकानदारांना, वर्गातल्या पोरांना एका वाक्यात गप्प बसवणारा हा माणूस. समोर भाऊ हात जोडून, मान किंचित झुकवून उभे होते, सगळ्या फोटोंत असतात तसे.

"आपण फार तसदी घेतलीत," सर म्हणाले. "आभारी आहे."