त्सांगपोतला पांढरा दगड

यांगचेन मावशी पहिल्यांदा आमच्या अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या घरी आली, तेव्हा दारातच म्हणाली, "काहून बाई, पोरगी एवढी रडून राहिली?" मी उडालेच. एजन्सीने तिबेटी नॅनी पाठवते म्हणून सांगितलं होतं आणि ही तर अस्सल झाडीपट्टीतलं बोलत होती! मग कळलं, की जन्म तिबेटातला असला तरी ती वाढली गोंदियाकडे, गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत. लग्नानंतर वीस हिवाळे तिने नागपूरच्या फुटपाथवर स्वेटर विकले होते. आमची सावनी जी तिच्या कडेवर गेली, ती नऊ वर्षं उतरली नाही. माझ्या सख्ख्या आईला पुण्याहून इथे येऊन चार महिनेही करमत नव्हतं. सावनीला वाढवलं ते मावशीने.

नऊ वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. गुडघे गेले, काम सोडलं आणि ती क्वीन्सला नवऱ्याच्या भाचीकडे राहायला गेली. त्यानंतर एकदाच मागितलं.

गेल्या सप्टेंबरात आम्ही तिबेटला निघालो होतो. ऋषीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उंच डोंगरांचं वेड आहे. ल्हासाहून शिगात्सेला जाताना त्सांगपो नदी लागते, हे मी मावशीला फोनवर सहज सांगितलं. दोन दिवसांनी ती त्या दुखऱ्या गुडघ्यांनी बस बदलून आमच्याकडे आली.

तिचं गाव त्याच नदीवर. ती सहा वर्षांची असताना वडील तिला पाठीवर आणि थोरल्या भावाला हाताशी धरून निघाले. आईच्या पोटात तिसरं होतं, ती मागून येणार होती. आली नाही.

"नदीत पांढरा दगड हाय," मावशी म्हणाली. "आई तिथं लोकर धुवे. आम्ही निघालो तवा ती त्याच्यावरच उभी होती. मी बाबाच्या पाठीवरून पाहत होती. तिचं तोंड मले आठवत नाही बेटा, पन दगड आठवते. त्याचा एक फोटो आन. दुसरं काही नोको."

तिने गावाचं नाव तिबेटी अक्षरांत एका कागदावर लिहून दिलं. मी म्हटलं, "मावशी, प्रॉमिस!" प्रॉमिस करायला काय जातं?

ल्हासात दुसऱ्याच दिवशी माझं डोकं फुटायला लागलं. उंची मला सोसत नाही, हे मला तिथे जाऊन कळलं. तिसऱ्या दिवशी गाडीत बसलो तेव्हा ऋषीच्या मांडीवर ऑक्सिजनचा डबा, सावनी खिडकीला टेकून "मॉम, आर वी देअर येट?" म्हणतेय आणि मी प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घालून बसलेली. गाइडला मावशीचा कागद दाखवला. तो बिचारा भला माणूस. वाचून म्हणाला, हे गाव जुन्या रस्त्यावर आहे. नव्या हायवेवरून दिसणार नाही. जुन्या रस्त्याने एक तास जास्त लागेल, वळायचं का?

एक तास. ऋषी म्हणाला, "तू सांग नेत्रा. तुझ्यावर आहे."

आजपर्यंत मी हे सगळं डोकेदुखीवर ढकलत आले. पण खरं सांगायचं तर मला मावशीचा राग आला होता. मी इथे मरतेय आणि हिला दगड हवाय, असं माझ्या मनात आलं. जिने माझ्या पोरीचे ताप काढले, तिच्यासाठी मला एक तास जड झाला. "राहू दे," मी म्हटलं. "सरळ चला."

पुढे हायवेवर एक व्ह्यू-पॉइंट होता. गाड्या लावायला जागा, याक घेऊन उभे असलेले फोटोवाले, सगळं काही. खाली त्सांगपो, हिरवट राखाडी, रुंद, संथ, पलीकडे उघडे बोडके डोंगर. इतकी सुंदर नदी मी जन्मात पाहिली नव्हती. आणि पात्रात एक पांढरट दगड होता. मी फोन काढला. वेळ मारून न्यायची कला मला ऑफिसात पंधरा वर्षं उपयोगी पडली आहे, ती तिथेही पडली.

ऑक्टोबरमध्ये क्वीन्सला जाऊन मी तो फोटो तिला दिला. चांगला मोठा प्रिंट करून, फ्रेम लावून. चोर असला तरी नीटनेटका असावा! मावशीने चष्मा पुसला. फ्रेम कपाळाला लावली. मग मला जवळ ओढून तिने माझं कपाळ आपल्या कपाळाला टेकवलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या गालाला लागलं. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मावशी, चहा टाकू का?"

त्यानंतर मी तिच्याकडे जायचं टाळू लागले. प्रोजेक्ट, सावनीचं स्विमिंग, बर्फ. कारणांना काय तोटा?

मार्चमध्ये तिच्या भाचीचा मेसेज आला, की गोठणगावला मावशीचा भाऊ गेला. तोच तो थोरला. मी आणि ऋषी फळं घेऊन भेटायला गेलो. देव्हाऱ्यापुढे लोण्याचे दिवे लावलेले होते आणि दिव्यांमागे माझी फ्रेम. मावशी पलंगावर बसली होती, एवढीशी झाली होती.

भाची आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हिंदीत म्हणाली, "दीदी, आपको पता नहीं होगा. ये और इनके भाई अक्टूबर से बात नहीं कर रहे थे."

मी फ्रेम दिली त्याच दिवशी मावशीने हौसेने भावाला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला होता. त्याने बघितल्या बघितल्या सांगितलं, हा आपला दगड नाही. गाव सोडताना तो अकरा वर्षांचा होता, त्याला नीट आठवत होतं. मावशी भडकली. माझी नेत्रा स्वतः जाऊन आली, ती खोटं बोलेल का? तुझंच डोकं म्हातारं झालंय, म्हणाली. तोही हट्टी. नंतर त्याने दोनदा फोन केला, तो तिने उचलला नाही. जानेवारीत तो आजारी पडला आणि उठलाच नाही.

ऋषीने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं, गाडीत तो शेजारीच बसला होता. मी बाहेर जाऊन मावशीपुढे जमिनीवर बसले.

"मावशी, तुमचा दादा बरोबर होता. तो दगड तुमचा नाही."

तिने दिव्यांमागच्या फ्रेमकडे पाहिलं. ती चिडेल, मला घराबाहेर काढेल, अशी मी वाट पाहत होते. खरं तर तेच मला हवं होतं.

"दादा खरं बोलत होता," ती म्हणाली. मग तिने डोळे मिटले आणि तशीच बसून राहिली. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलत होते. काहीतरी शोधत असल्यासारखी मान इकडे तिकडे होत होती.

"येत नाही," ती म्हणाली.

"काय येत नाही, मावशी?"

"माहा दगड. आधी डोळे मिटले का दिसे. रोज दिसे. आता हाच दिसते." तिने फ्रेमकडे बोट केलं. "पाच महिने रोज याच्याकडेच पाहिलं ना. आई बी याच्यावरच उभी दिसते."

मी तिचे पाय धरले. ते तिला कळलं की नाही, कोण जाणे.

"दादाले विचारलं असतं," ती म्हणाली. "त्याले माहीत होता." आणि एकदम तिने डोळे उघडले, माझा हात घट्ट पकडला. चेहऱ्यावर एवढीशी आशा आली.

"फोटो चुकला तं चुकला बेटा. पन तू तं गावात गेलती. तू पाहिला असशील. कसा होता सांग ना मले, मी पुन्हा आठवते."

माझ्या तोंडात दगड तयार होता. लांबट, एका बाजूने गुळगुळीत, पाण्याच्या रेषेपाशी काळा. दोन वाक्यांत ती हसली असती. ऋषी दारात उभा होता.

"आम्ही त्या रस्त्याने गेलोच नाही, मावशी," मी म्हटलं. "एक तास जास्त लागणार होता."

तिने माझा हात सोडला.