जुलैतली रिकामी जमीन

मेंढ्यांनी रस्ता भरून गेला तशी तोकतोसून आगायनी गाडी थांबवली आणि भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. खोऱ्यातल्या गावच्या सभेला उशीर होत होता. आगाय म्हणजे सर; ते विद्यापीठात कायदा शिकवायचे. शेजारी त्यांची विद्यार्थिनी जिपारा, मांडीवर अहवाल घेऊन.

"हे सगळे कुठं निघालेत, आगाय?"

"कुठं म्हणजे? हिवाळी कुरणावर. शहरातल्या पोरी तुम्ही..." तिच्या मांडीवरच्या अहवालाकडे नजर गेली आणि ते हसता हसता थांबले.

जिपाराने अहवाल उघडला. खालच्या खोऱ्यातली जमीन कोणी वापरत नाही, ती सौरप्रकल्पाला द्यायला कायद्याची आडकाठी नाही, असं तिने लिहिलं होतं. पाहणीला ती जुलैत आली होती. मेंढ्यांचे वाडे ओस, माणूस नाही की कुत्रं नाही. जुलैत सगळं गाव वर डोंगरात असतं आणि खालचं गवत थंडीसाठी राखलेलं असतं, हे तिने कोणाला विचारलंच नव्हतं.

अहवाल मागे घेऊ या, ती म्हणाली. आगाय चिडले. सौरप्रकल्पाच्या कंपनीची माणसं सभेत येऊन बसली होती, तिची पदवी याच कामावर अवलंबून होती, आणि अहवालाखाली सही खुद्द आगायंची होती. "मी मेंढपाळाचा मुलगा. लोक काय म्हणतील मला?"

शाळेच्या खोलीत सभेआधी रिवाजाप्रमाणे रोटी मोडली, चहा फिरला. नाव पुकारलं तेव्हा जिपाराने आगायंकडे पाहिलं; ते चहाच्या वाडग्यात बघत होते.

"ती जमीन रिकामी नाही," ती उभी राहून म्हणाली. "मी उन्हाळ्यात आले होते. माझं चुकलं."

गावातली शेकेर म्हातारी म्हणाली, "हिवाळी कुरण बघायला उन्हाळ्यात आलीस होय गं? आता जानेवारीत ये. उबेला मेंढी देऊ कुशीत."

लोक हसले. कंपनीचा माणूस हसला नाही. हे पोरीचं मत की विद्यापीठाचं, असं त्याने आगायना विचारलं.

आगायनी वाडगा खाली ठेवला. "विद्यापीठाचं. मी न वाचताच सही केली होती."

परतताना पदवीचा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही. घाटाखाली पुन्हा कळप आडवा आला. आगायनी गाडी बंद केली आणि शेवटची मेंढी जाईपर्यंत भोंग्याला हात लावला नाही.